पिंजऱ्यातला कुत्रा आणि दोन रात्रींचे घर

व्हॉट्सअ‍ॅपवरचा हा संदेश बहुतेकांच्या ओळखीचा असतो. ‘तातडीने घर हवे. मादी, गावठी, वय अंदाजे दोन वर्षे. लसीकरण आणि निर्बीजीकरण झाले आहे. निवारा केंद्रात खूप ताणात आहे, जेवत नाही. कृपया पुढे पाठवा.’ सोबत फोटो असतो. जाळीमागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेली कुत्री, कान मागे, शेपटी पोटाखाली. वाचणारा हळहळतो, दोन ग्रुपवर संदेश पाठवतो आणि आपल्या कामाला लागतो. संदेश गावभर फिरतो आणि कुत्री कोपऱ्यातच राहते.

यातला ‘ताणात आहे’ हा भाग अनेकांना नुसते भावनिक आवाहन वाटतो. प्रत्यक्षात तो मोजता येणारा शारीरिक बदल आहे. ‘तातडीने’ हा शब्दही उगाच आलेला नसतो. ताण जितका लांबतो तितका कुत्रा माणसांना नकोसा वाटू लागतो आणि त्याला घर मिळण्याची शक्यता कमी होत जाते.

रक्तात दिसणारा ताण

माणसाप्रमाणेच कुत्र्याच्या शरीरातही ताणाच्या वेळी अधिवृक्क ग्रंथींमधून कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त प्रमाणात स्रवते. रक्त, लाळ किंवा लघवीच्या तपासणीतून ते मोजता येते. अमेरिकेतील ओहायो राज्यात १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निवारा केंद्रातील कुत्र्यांच्या रक्तातले कॉर्टिसॉल तपासले गेले. केंद्रात येऊन एक ते तीन दिवस झालेल्या कुत्र्यांमध्ये त्याचे प्रमाण घरी राहणाऱ्या कुत्र्यांपेक्षा बरेच जास्त होते. नऊ दिवसांहून अधिक काळ तिथे असलेल्या कुत्र्यांपेक्षाही ते जास्त आढळले.

म्हणजे काही दिवसांनी कुत्रा रुळतो का? काही कुत्रे रुळतातही. पण दीर्घकाळच्या ताणात संप्रेरकांची पातळी नेहमी चढीच राहते असे नाही. कधी शरीराचा प्रतिसादच मंदावतो. वरून शांत दिसणारा कुत्रा आतून खचलेला असू शकतो. म्हणून पशुवैद्य केवळ आकड्यावर न जाता कुत्र्याचे खाणे, झोप, हालचाल आणि माणसाला मिळणारा प्रतिसादही पाहतात.

ताणाची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतात आणि निवारा केंद्रातल्या भुंकण्याचा आवाज १०० डेसिबलच्या पुढे गेल्याच्या नोंदी अनेक अभ्यासांत आहेत. माणसांच्या कारखान्यात एवढा आवाज असेल तर कामगारांना कानांवर संरक्षण द्यावे लागते. त्यात फिनाइलचा वास, अनोळखी कुत्र्यांची शेजारी सक्ती आणि सलग झोपेचा अभाव. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला नको असलेल्या गोष्टीपासून लांब जायची सवय असते. पिंजऱ्यात नेमके तेच करता येत नाही.

याचा परिणाम प्रतिकारशक्तीवरही होतो. गर्दीच्या ठिकाणी खोकल्याचा संसर्ग, पार्व्हो आणि डिस्टेंपर हे आजार आधीच वेगाने पसरतात. ताणाखाली असलेले शरीर त्यांच्याशी कमी जोमाने लढते.

जाळीतून दिसतो तो स्वभाव नव्हे

कुत्रा दत्तक घ्यायला येणारे लोक निर्णय फार थोड्या वेळात घेतात. अमेरिकेतील निवारा केंद्रांत झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की येणारे लोक साधारणपणे एकाच कुत्र्याला बाहेर काढून भेटतात आणि ही भेट सरासरी आठ मिनिटे चालते. त्या आठ मिनिटांत जो कुत्रा माणसाच्या जवळ येऊन बसतो, त्याला घर मिळण्याची शक्यता बरीच जास्त असते. पिंजऱ्यात येरझाऱ्या घालणारे आणि माणसाकडे पाठ फिरवून उभे राहणारे कुत्रे अधिक काळ मागे राहतात, असेही याच विषयावरील संशोधनात आढळले आहे.

येरझाऱ्या घालणे, पाठ फिरवणे, जाळीवर धावून जाणे, सतत पंजे चाटणे, कारण नसताना जांभया देणे, ओठ चाटणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे, ही सगळी ताणाची लक्षणे आहेत. पाहणाऱ्याला मात्र ती ‘रागीट’, ‘घुमा’ किंवा ‘वेडसर’ स्वभावाची वाटतात. जाळीआड प्रत्येकावर भुंकणारा कुत्रा पट्टा लावून बाहेर मोकळ्या जागी नेला की गवत हुंगत शांतपणे चालू लागतो, हा अनुभव निवारा केंद्रात काम करणाऱ्यांना नवा नाही. त्यामुळे कुत्रा पाहायला जाणाऱ्याने त्याला जाळीतून पाहून परत येऊ नये. केंद्राच्या माणसाला सोबत घेऊन निवांत जागी अर्धा तास द्यावा, आणि शक्य असल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.

भारतीय भटक्या कुत्र्यांबाबत एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. कोलकात्याच्या ‘आयसर’मधील अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करत आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात अनोळखी माणसाने काही कुत्र्यांना पुन्हापुन्हा खाऊ दिला, तर काहींच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या माणसावर विश्वास ठेवण्यात खाऊपेक्षा स्पर्शाचा वाटा मोठा ठरला. गावठी कुत्रा माणसाळत नाही, हा समज त्यामुळे खरा ठरत नाही. फक्त भेदरलेल्या कुत्र्याला हात लावण्याची घाई करू नये. आधी त्याला जवळ येऊ द्यावे.

दोन रात्रींचा फरक

कायमचे घर मिळेपर्यंत कुत्र्याला काही दिवस आपल्याकडे ठेवणे याला प्राणिप्रेमींच्या बोलीत ‘फॉस्टर’ करणे म्हणतात. यावर शंका घेतली जाते, की कुत्र्याला दोन दिवस घराची सवय लावून पुन्हा पिंजऱ्यात सोडणे ही उलट क्रूरता नाही का?

लिसा गुंटर, क्लाइव्ह विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पाच निवारा केंद्रांमधल्या २०७ कुत्र्यांवर याच प्रश्नाचा अभ्यास केला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. या कुत्र्यांना एक किंवा दोन रात्री कुणाच्या तरी घरी ठेवले गेले. त्याआधी, त्या काळात आणि परतल्यावर त्यांच्या लघवीतील कॉर्टिसॉल मोजले गेले. घरी असताना ते कमी झाले. केंद्रात परतल्यावर ते पुन्हा पूर्वीच्या पातळीला आले, पण त्याहून वर गेले नाही. घरी असताना कुत्र्यांना सलग विश्रांतीही जास्त वेळ मिळाली. दोन रात्रींच्या घराने कुत्र्याचे नुकसान झाले नाही, त्याला विसावा मिळाला.

२०२३ साली प्रसिद्ध झालेला याच गटाचा दुसरा अभ्यास अधिक मोठा होता. त्यात ५१ केंद्रे आणि १,९५५ कुत्रे होते. थोडा वेळ बाहेर फिरायला नेलेल्या कुत्र्यांना दत्तक घेतले जाण्याची शक्यता इतरांच्या पाचपट, तर तात्पुरत्या घरी राहिलेल्या कुत्र्यांची सुमारे चौदापट आढळली. अशा तुलनेत मुळातच मनमिळाऊ कुत्रे बाहेर जास्त नेले गेले असण्याची शक्यता धरावी लागते. तरीही कारण समजण्यासारखे आहे. सोफ्याशेजारी झोपलेल्या कुत्र्याचा फोटो आणि ‘रात्रभर शांत होती, मुलांना घाबरली नाही’ ही माहिती पिंजऱ्यातून मिळत नाही.

आता हा प्रश्न आपल्याही दारात

प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ नुसार भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि रेबीजविरोधी लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडले जाते. गल्लीत सुखाने नांदणारा, लस टोचलेला कुत्रा उचलून पिंजऱ्यात नेणे हे त्याच्या भल्याचे नाही. घर हवे असते ते अपघातातून वाचलेल्या, सोडून दिलेल्या किंवा काही कारणाने परत जाऊ न शकणाऱ्या कुत्र्यांना.

अशा कुत्र्यांची संख्या वाढण्याची शक्यता आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील भटके कुत्रे निवारा केंद्रांत हलवावेत आणि त्यांना पुन्हा तिथे सोडू नये, असा आदेश देशभरासाठी दिला. नागरिकांची, विशेषतः मुलांची आणि रुग्णांची सुरक्षितता हा त्यामागचा विचार आहे. भारतातला रेबीजचा धोका पाहता तो दुर्लक्षिता येत नाही. पण एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात सहा-सात वर्षे काढलेला कुत्रा जेव्हा एकदम पिंजऱ्यात येतो, तेव्हा वर वर्णन केलेला सगळा ताण त्याच्या वाट्याला येतो. शिवाय तो पिल्लू नसतो, त्यामुळे त्याच्यासाठी विचारणाही कमी होते.

संदेश कसा लिहावा

‘घर मिळाले नाही तर ती मरेल’ अशा संदेशाने वाचणारा हेलावतो, पण पुढे काय करायचे हे त्याला कळत नाही. त्याऐवजी माहिती द्यावी. अंदाजे वय, उंची किंवा वजन, लसींच्या आणि निर्बीजीकरणाच्या तारखा, चालू असलेली औषधे. लहान मुले, मांजर, इतर कुत्रे यांच्याशी कशी वागते. माहीत नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. कधी गुरगुरली किंवा चावली असेल तर तेही लपवू नये, कारण लपवलेली गोष्ट नव्या घरात आठवड्याभरात बाहेर येते आणि कुत्रा परत पाठवला जातो. फोटो पिंजऱ्याबाहेर, दिवसाउजेडी काढलेला असावा. आणि ‘कायमचे घर किंवा दोन आठवड्यांचा फॉस्टर’ असे दोन्ही पर्याय द्यावेत. आयुष्यभराची जबाबदारी घेऊ न शकणारा माणूस पंधरा दिवसांसाठी हो म्हणू शकतो.

हो म्हणण्याआधी घरच्यांनीही काही प्रश्न एकमेकांना विचारावेत. दिवसभर घरात कोण असेल? पशुवैद्याचा खर्च झेपेल का? भाड्याचे घर असेल तर मालकाची हरकत आहे का? पाळीव प्राणी ठेवण्यावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण जिना आणि लिफ्ट स्वच्छ ठेवणे ही पालकाचीच जबाबदारी आहे. महापालिकेचा परवाना आणि दरवर्षीची रेबीजची लस टाळू नये.

पहिले तीन दिवस

नव्या घरात आलेला ताणलेला कुत्रा पहिले काही दिवस कोपरा सोडत नाही, खात नाही, कधी दिवसभर लघवीही रोखून धरतो. कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची बेल, गुळगुळीत फरशी, लिफ्ट हे सगळे त्याला नवीन असते. या काळात करायच्या गोष्टी थोड्या आहेत.

त्याला एक शांत कोपरा द्यावा. तिथे जुनी चादर आणि पाणी ठेवावे आणि तो तिथे असताना कुणी हात लावू नये. नातेवाईक आणि शेजारी यांना बघायला बोलावू नये. पहिल्याच दिवशी अंघोळ घालू नये. केंद्रात जे खात होता तेच आधी द्यावे आणि बदल आठवडाभरात हळूहळू करावा. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला मातीची सवय असते, म्हणून ठरावीक वेळी मातीच्या जागी न्यावे.

पहिल्या दिवसांतला सर्वांत मोठा धोका पळून जाण्याचा असतो. घाबरलेला कुत्रा गळपट्ट्यातून मान सोडवून घेतो. म्हणून गळपट्टा आणि हार्नेस दोन्ही लावावेत आणि गळ्यात फोन नंबर असावा. दार उघडण्याआधी तो कुठे आहे हे पाहावे. घरात आधीचा कुत्रा असेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने दोघांना सुमारे दोन आठवडे वेगळे ठेवावे, कारण संसर्गाची लक्षणे उशिरा दिसू शकतात.

गुरगुरणे हा त्याचा इशारा असतो, त्यासाठी मारू नये. मागे सरकावे आणि कशामुळे गुरगुरला ते लक्षात ठेवावे. लहान मुलांना त्याच्यासोबत एकटे सोडू नये. तो चावला किंवा ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, मग कुत्र्याला लस दिलेली असली तरी.

‘तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने’ असा एक ठोकताळा अनुभवी पालक सांगतात. तीन दिवसांत भीती थोडी ओसरते, तीन आठवड्यांत घराचा दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत खरा स्वभाव दिसू लागतो. प्रत्येक कुत्रा हे वेळापत्रक पाळतोच असे नाही, पण चौथ्या दिवशी ‘हिला काही आपल्याकडे जमणार नाही’ असे ठरवणाऱ्यांना ते थोडे थांबवते.

ज्यांना तेही शक्य नाही, त्यांनी जवळच्या निवारा केंद्रात रविवारी सकाळी तासभर जाऊन एका कुत्र्याला बाहेर फिरवून आणावे आणि त्याचा एक चांगला फोटो काढून द्यावा. पुढच्या वेळी तो संदेश पुढे पाठवताना त्यात लिहिण्यासारखे काहीतरी असेल.