आठही तारा

सकाळी ८.१५, दिंडोली
अ‍ॅक्टिव्हाच्या पायाशी ३०५ मीटरचा केबलचा खोका. मागे भाचा, त्याच्या पाठीवर ड्रिलची बॅग. भाचा बारावी करून अमळनेरहून आलाय, लॅनचं काम शिकतोय. मामा सुरतेत आले ते कापडाच्या मार्केटात पार्सल उचलायला. दिंडोली, लिंबायत, उधना भागात खानदेशातली गावंच्या गावं नांदतात. राहायची सोय लगेच झाली, कामाची हळूहळू.

९.४५, अठवा गेट
अडीच गिगाबिटचा पाच पोर्टचा स्विच, ४,००० रुपये. मामा तो हातात तोलून बघतात. बॉडी पत्र्याची हवी, कारण हा तापतो. आणि पंखा नको, घरात झोपमोड होते. जुन्या कॉम्प्युटरसाठी यूएसबीला लावायचा अ‍ॅडॉप्टर, १,८००. दोन्ही मिळून मामांना २५० सुटतील.

११.००, अडाजण
चौथा मजला. बेन घरूनच साड्यांची प्रिंट डिझाइन करतात. एकेक फाइल काही जीबीची. इंटरनेटची तक्रार नाहीच. या खोलीतून त्या खोलीतल्या स्टोरेजवर फाइल जायला चहा पिऊन होतो. भिंत फोडून नवी केबल टाकायची त्यांची तयारी आहे.

मामा बोर्ड उघडतात, केबलवरची छपाई वाचतात. कॅट ५ई, बिल्डरने टाकलेली. “बेन, भिंत राहू द्या.” अडीच गिगाबिटचं मानक २०१६ साली आलं ते अशाच जुन्या केबलसाठी, १०० मीटरपर्यंत चालतं. इथे तर १५ मीटरही नाही. नव्या केबलचे, पट्टीचे, फोडाफोडीचे पैसे मामांनी सोडले. मला हा माणूस इथे फार आवडला.

दोष टोकांना होता. आठपैकी चारच तारा जॅकमध्ये. चार तारांवर १०० मेगाबिटच्या वर जात नाही. भाचा साल सोलतो, पीळ उलगडतो. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. अंगठ्याने सपाट करून टोकं एका रेषेत कापतो. “पीळ जास्त उलगडू नको,” मामा म्हणतात. जोडीचा पीळ असतो म्हणून एका जोडीचा आवाज दुसरीत शिरत नाही. जॅक उजेडाकडे धरून आठही टोकं पुढे टेकली का बघायचं, मग पकड दाबायची. पहिला जॅक वाया गेला. आठ रुपये. मामा बोलले नाहीत, दुसरा पुढे केला.

१.४५
टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागले. दहा जीबीचं फोल्डर टाकून बघितलं. आधी पंधरा मिनिटं लागत, आता पाऊण मिनिट. बेननी तेच फोल्डर परत पाठवून बघितलं. दोन लाइनची मजुरी ८००.

२.३०
जिन्याखाली डबा. कळण्याची भाकर, ठेचा, कांदा.

४.३०, भेस्तान
भाड्याची खोली. मुलाचा ऑनलाइन क्लास सारखा तुटतो. केबल स्वस्तातली, मीटरला आठ रुपयांची. मामा ब्लेडने तार खरवडतात: वरून तांबूस, आत पांढरी. तांब्याचा मुलामा, पोटात अ‍ॅल्युमिनियम. दाराच्या फटीत वाकून वाकून मोडली. नवी १८ मीटर, २२ रुपयांनी, ३९६. मजुरी ३००. मुलाची आई केबलचे पैसे आज देते, मजुरी पगार झाल्यावर. मामा “चालेल ताई” म्हणतात आणि जुनी केबल गुंडाळून तिच्याच हातात देतात, भंगारवाल्यासाठी.

रात्री ८.००, दिंडोली
हिशेब. मजुरी ८००, मालावर २५०. पेट्रोल १२०, भाच्याचे ३५०. वाया गेलेल्या जॅकचे आठ मामांनी स्वतःकडे धरले. उरले ५७२; भेस्तानचे ३०० वहीत येणं. भेस्तानला दार बंद करताना नवी केबल चेपू नये म्हणून चौकटीला खाच पाडायला हवी होती, ती राहिली. भाच्याला आठवलं. सकाळी पालच्या कामाला जाण्याआधी दोघं तिकडे जाणार, कानस घेऊन.