हॅलोविनला मुलांना काय घालायचं? मोडक्या छत्रीतून घरीच बनवा वटवाघूळ

ऑक्टोबर संपत आला की वाकड, पिंपळे सौदागर, रावेतकडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतो: '३१ तारखेला क्लब हाऊसमध्ये हॅलोविन, मुलांना ड्रेस घालून पाठवा.' मग ऑनलाइन शोधाशोध सुरू होते. एका संध्याकाळसाठी ड्रेस विकत घ्यायचा आणि नंतर तो माळ्यावर टाकायचा, हे कशाला? पावसाळा नुकताच संपलाय. घरात एखादी मोडकी काळी छत्री असेलच. तेवढी पुरे.

हॅलोविन आला कुठून?

आयर्लंड आणि आसपासच्या केल्टिक लोकांचा 'साविन' हा सुगी संपल्याचा सण. त्या रात्री मृतात्मे फिरतात, अशी समजूत होती. १९ व्या शतकात आयरिश स्थलांतरितांनी ही प्रथा अमेरिकेत नेली. तिथून सिनेमा, मालिका आणि इंटरनेटमार्गे ती आपल्या पार्किंगपर्यंत पोहोचली.

साहित्य

आठ काड्यांची काळी छत्री, पूर्ण बाह्यांचा काळा सुती टी-शर्ट, सुई-दोरा, खडू, हेअरबँड आणि काळा कार्डपेपर.

कृती

१. छत्रीचं कापड काड्यांच्या टोकांना टाके घालून बसवलेलं असतं. ते टाके कापून कापड सोडवा. काड्या टोकदार असतात, त्यामुळे हे काम मोठ्यांनीच करावं.

२. कापडाचे आठ त्रिकोणी तुकडे एकमेकांना जोडलेले दिसतील. शेजारचे दोन तुकडे म्हणजे एक पंख. मधली शिवण उसवू नका. एका मुलाला चार तुकडे लागतात, म्हणजे एका छत्रीत दोघं भावंडं वटवाघळं होतात.

३. टी-शर्ट बाह्या पसरून जमिनीवर ठेवा. पंखाचं टोक काखेकडे आणि छत्रीची बाहेरची वक्र कड मनगटापासून कमरेपर्यंत येईल, असं कापड ठेवा. जास्तीचं कापड खडूने आखा आणि शिलाईसाठी दोन सेंटिमीटर सोडून कापा.

४. कापलेली कड आत दुमडून बाहीच्या खालच्या बाजूला आणि टी-शर्टच्या कुशीला शिवा. दुमडली नाही तर कापडाचे धागे सुटतात. पंख कमरेखाली लोंबू देऊ नका, पायात अडकतील.

५. कार्डपेपरचे दोन त्रिकोणी कान कापून हेअरबँडला चिकटवा. झालं वटवाघूळ!

मुखवटा टाळलेलाच बरा. त्यातून बाजूचं दिसत नाही, आणि मुलं गाड्यांमधून पळत असतात. त्याऐवजी नाकावर थोडा फेस पेंट लावा, पण आदल्या दिवशी हातावर लावून बघा. काळा ड्रेस अंधारात दिसत नाही, म्हणून पाठीवर रिफ्लेक्टर टेपच्या दोन पट्ट्या शिवा. ऑटो स्पेअर पार्ट्सच्या दुकानात ती मिळते.

सगळ्यात महत्त्वाचं: पणत्या

हॅलोविन बऱ्याचदा दिवाळीच्या आसपास येतो. २०२४ मध्ये तर ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. म्हणजे जिन्यात, दारात पणत्या आणि खाली फटाके. छत्रीचं कापड नायलॉन किंवा पॉलिस्टरचं असतं. ते आगीने वितळतं आणि कातडीला चिकटतं. सुती कापड वितळत नाही, पण तेही पटकन पेटतं. म्हणून मूल या ड्रेसमध्ये असताना पणत्या उंचावर ठेवा किंवा विजेच्या लावा, आणि फटाके ड्रेस काढल्यावरच.

तरीही कपडा पेटला तर पळू नये. थांबावं, जमिनीवर पडून लोळावं. हे मुलाला आधीच खेळ म्हणून शिकवा. भाजलेल्या जागी २० मिनिटं नळाचं साधं पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नका. चिकटलेलं कापड ओढू नका, लगेच दवाखाना गाठा.

आणि हा ड्रेस टाकू नका. १४ नोव्हेंबरला बालदिन आहे, शाळेत फॅन्सी ड्रेस असेल तर संवादही तयार आहे: 'मी वटवाघूळ. खऱ्या अर्थाने उडणारा जगातला एकमेव सस्तन प्राणी. मी किडे खातो, झाडांच्या बिया दूरवर नेतो. मला घाबरू नका!'