कानकूनचा किनारा

मेक्सिको देशाच्या पूर्वेस युकातान नावाचे द्वीपकल्प आहे. त्याच्या ईशान्य टोकाजवळ, कॅरिबियन समुद्राच्या काठी, कानकून हे नगर वसले आहे. सुटी घालविण्यासाठी येणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीस प्रथम पडते ती इंग्रजी सातच्या आकड्याच्या आकाराची वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्या एका अंगास हिरवानिळा समुद्र, दुसऱ्या अंगास निचुप्ते नावाचे खाऱ्या पाण्याचे सरोवर, आणि मध्ये उंच हॉटेलांची रांग!

किनाऱ्यावर उतरताच प्रवाशास नवल वाटते. ऊन कडक असूनही वाळू पायांस फारशी पोळत नाही. ही वाळू चुनखडीयुक्त असून तिचा शुभ्र रंग बरेचसे ऊन परतवून लावतो.

१९७० साली येथे मोजकीच माणसे राहत होती. सरकारने जागा निवडून नगर वसविले आणि १९७४ साली पहिली हॉटेले उघडली. २०२० च्या शिरगणतीत नगराची वस्ती नऊ लाखांच्या घरात गेली.

मात्र हॉटेलांसाठी वाळूच्या टेकड्या सपाट झाल्या. या टेकड्या म्हणजे किनाऱ्याची शिल्लकच होय. वादळी लाटा वाळू ओढून नेतात, तेव्हा टेकड्यांतील वाळू ती तूट भरून काढते. २००५ साली विल्मा चक्रीवादळ आले आणि किनाऱ्याची वाळू वाहून गेली. समुद्रतळाची वाळू उपसून मोठ्या खर्चाने किनारा पुन्हा भरावा लागला. काही वर्षांतच तेच काम पुन्हा करणे भाग पडले.

ज्या वाळूसाठी प्रवासी दूरदेशाहून येतात, तीच त्यांच्या सोयीपायी निसटू लागली. निसर्गाच्या देणगीचा उपभोग अवश्य घ्यावा. परंतु तिचे मुद्दल मोडू नये.