जुन्या जीपच्या ॲक्सलचा रंग

जुन्या जीपचा ॲक्सल रंगवताना चकाकीपेक्षा चिवटपणा महत्त्वाचा. खडे, चिखल आणि गळकं ऑइल यांचा मारा तिथे कायमचाच; त्यात ब्रेक फ्लुइड सांडलं तर साधा ऑइलपेंट फुगून सुटतो. म्हणून दोन डब्यांतला, हार्डनर मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर पॉलियुरेथेन ही जोडी भरवशाची. फवारताना योग्य रेस्पिरेटर मात्र हवाच. पावडर कोटिंग दिसायला देखणं, पण ते साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला भट्टीत भाजतात, त्यामुळे ऑइल सील आणि बेअरिंग आधी काढावी लागतात. शिवाय टवका उडाला की गंज आतून पसरतो. रंग कोणताही असो, आधी ग्रीस धुवायचं, मगच गंज खरवडायचा. ब्रीदरचं भोक आणि सील बसण्याच्या जागा टेपने झाकाव्यात.