काम जिल्ह्याचे, तिजोरी राजधानीची

महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचा कारभार १ मे १९६२ रोजी सुरू झाला, त्यामागे एक धीट निर्णय होता. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये विकेंद्रीकरणाचा भार गटपातळीवरील पंचायत समितीवर टाकण्याची शिफारस केली होती. वसंतराव नाईक समितीने १९६१ च्या अहवालात तो जिल्ह्यावर टाकला आणि जिल्हाधिकाऱ्यास परिषदेबाहेर ठेवले. ब्रिटिश अमदानीपासून जिल्हा म्हणजेच कलेक्टर, हे समीकरण ज्या देशात रूढ झाले होते, तेथे ही गोष्ट सामान्य नव्हती. पुढे अशोक मेहता समितीनेही १९७८ मध्ये जिल्ह्यालाच महत्त्व दिले.

परंतु सत्ता कोठे बसते, हे खुर्चीवरून ठरत नाही. ते तिजोरीच्या किल्लीवरून ठरते. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रस्ते ही कामे परिषदेकडे आली. पैसा मात्र प्रामुख्याने शासकीय अनुदानातून येत राहिला. जमीन महसुलावरील उपकर हे तिचे जुने उत्पन्न; पण जमिनीच्या किमती कितीही चढल्या तरी महसुलाचा आकार जवळपास जागच्या जागी राहतो. शिक्षकांच्या वेतनाची रक्कम परिषदेच्या हिशेबातून जाते, म्हणून अंदाजपत्रक भरगच्च दिसते. वस्तुतः त्यातील फार थोड्या रकमेविषयी सभागृहाला स्वतंत्रपणे काही ठरवता येते. दुसऱ्याचे पैसे दुसऱ्याच्या यादीप्रमाणे वाटणे याला विकेंद्रीकरण म्हणता येत नाही. ती मुखत्यारी होय.

२४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने हे चित्र पालटेल, अशी अपेक्षा होती. अकराव्या अनुसूचीत २९ विषय आले, दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक झाली, राज्य वित्त आयोगाची तरतूद झाली. तथापि पंचायतींना कोणते अधिकार द्यावयाचे, हे ठरविणे घटनेने राज्य विधिमंडळाच्या मर्जीवर सोडले. केंद्राचा हातही मोकळा झाला नाही. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळासाठी ग्रामीण भागाला सुमारे दोन लाख कोटी रुपयांचे अनुदान सुचविले, पण ते केवळ ग्रामपंचायतींसाठी. जिल्हा परिषदा व पंचायत समित्या वगळल्या गेल्या. पंधराव्या आयोगाने तिन्ही स्तरांना वाटा दिला. मात्र २०२१ ते २०२६ साठीच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता या कामांशी बांधून टाकली. पाण्याची निकड कोण नाकारील? प्रश्न असा, की गावाची निकड गावाने ठरवावयाची की दिल्लीने?

या व्यवस्थेचा खरा परिणाम अलीकडे दिसून आला. मार्च २०२२ मध्ये राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली. आरक्षण व प्रभागरचनेच्या वादात निवडणुका लांबत गेल्या आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. अखेर मे २०२५ मध्ये चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. या काळात शाळा भरत होत्या, पगार होत होते. सभागृहे ओस पडली म्हणून जनतेत मोठा क्षोभ उसळला नाही. ही लोकांची उदासीनता आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु जे सभागृह नसल्याने आपल्या खिशाला आणि गावाला काहीच फरक पडत नाही, त्याच्यासाठी नागरिकाने रस्त्यावर का यावे?

स्थानिक संस्थांच्या हाती पैसा गेला की उधळपट्टी होते, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. पण त्यात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. जो कर आपण भरतो, त्याचा हिशेब आपण मागतो. वरून आलेल्या अनुदानाचा हिशेब कोणी फारसा मागत नाही. सदस्यालाही मग मतदारापेक्षा मंत्रालयाच्या पायऱ्या महत्त्वाच्या वाटू लागतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गडचिरोलीने पुण्याइतका कर कोठून उभारावा? म्हणूनच अनुदान हवेच. पण ते लोकसंख्या व मागासलेपणा यांच्या जाहीर सूत्राने ठरलेले, अटींच्या जंजाळातून मुक्त असे हवे. त्याला जोड म्हणून जमिनीच्या वाढत्या मूल्याशी निगडित असा वाढता कर परिषदेच्या हाती हवा.

कलेक्टरला परिषदेबाहेर ठेवण्याचे धैर्य या राज्याने १९६१ मध्ये दाखविले. किल्ली मात्र बाहेरच राहिली. ती जोवर जिल्ह्याच्या हाती येत नाही, तोवर निवडणुका वेळेवर झाल्या तरी सभागृहे भरतील, सत्ता नव्हे.