घरचा डबा विकण्याआधी

हाउन्सलोत घरच्या ओट्यावर पोळी-भाजीचे डबे किंवा दिवाळीचा फराळ करून चार पैसे जोडायचे असतील, तर एवढे पाहून घ्या.

• नोंदणी : विक्रीच्या किमान २८ दिवस आधी हाउन्सलो कौन्सिलकडे. शुल्क नाही. पुढे अधिकारी स्वयंपाकघर तपासून स्वच्छतेला ० ते ५ गुण देतात.

• ॲलर्जी : १४ घटकांची माहिती गिऱ्हाइकाला देणे बंधनकारक. शेंगदाणे, तीळ, मोहरी, गहू, दूध त्यांत येतात. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. तेव्हा साध्या वरणाच्या फोडणीचाही हिशेब ठेवा.

• कर : ६ एप्रिल ते ५ एप्रिल या वर्षात एकूण विक्री (नफा नव्हे) १,००० पौंडांपर्यंत असेल, तर त्यावर कर नाही.

• सरकारी मदत : युनिव्हर्सल क्रेडिट मिळत असेल, तर थोडी कमाईही दरमहा कळवावी लागते.

• घर : भाड्याचे असल्यास घरमालकाची लेखी परवानगी घ्या.

• व्हिसा : विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही.

पहिली ऑर्डर नोंदणीनंतरच घ्या आणि किराणा-गॅसची बिले जपून ठेवा.