कड्यातले घोडे

लाकूड ओलं हवं, ही या कामाची पहिली अट. स्प्रूसचा सरळ वाढलेला, शक्यतो बिनगाठीचा ओंडका निवडायचा, त्याच्या आडव्या चकत्या पाडायच्या आणि लेथवर चढेपर्यंत त्यांना सुकू द्यायचं नाही. झायफेनच्या खुल्या संग्रहालयात कातारी अशी चकती लेथला ठोकून बसवतो आणि फिरत्या लाकडाला पटाशी लावतो, तेव्हा आधी पाण्याचे तुषार उडतात, मग ओल्या, लांबलचक ढलप्या. खोलीभर ताज्या लाकडाचा वास पसरतो.

झायफेन हे जर्मनीतल्या सॅक्सनी राज्यातलं, झेक सीमेजवळच्या एर्झगेबिर्गे डोंगरातलं लहानसं गाव. नाताळात दिव्यांची आरास आणि लाकडी नटक्रॅकर बघायला इथे झुंबड उडते. मला मात्र खिळवून ठेवलं ते चकतीतून कडं कातण्याच्या या कामाने. ही पद्धत याच परिसरात १८०० च्या आसपास रुजली आणि इथलीच होऊन राहिली.

इथे जनावर एकेक करून घडवत नाहीत. कातारी चकतीवर गोलाकार खाचा पाडत जातो. एक खाच पोटाखालची, एक उतार पाठीचा, एक बाक मानेचा. मग चकती उलटी बसवायची आणि दुसऱ्या अंगाने उरलेला आकार काढायचा. हाती येतं ते उंचवट्या-खळग्यांचं जाड कडं. त्यात प्राणी आहे, असं सांगूनही पटू नये. कातताना कातारीलाही तो दिसत नसतो. कुठे किती खोल जायचं, हे डोक्यातल्या आकारावरून आणि हाताच्या अंदाजाने ठरतं. पटाशी जरा जास्त खोल गेली, तर एक घोडा बिघडत नाही, अख्खा कळप बिघडतो.

मग कातारी कड्यावर सुरी उभी धरतो आणि हातोडीने हलकेच ठोकतो. लाकूड रेषेत फाटतं. आणखी एक ठोका, की फाक सुटते, आणि तिच्या कापावर घोडा उभा असतो: पाय, पोट, मान, सगळं जागच्या जागी. पुढची फाक, पुन्हा तोच घोडा. एका कड्यातून असे चाळीस-साठ तरी निघतात. फाक आतल्या बाजूला निमुळती आणि बाहेर जाड असते, म्हणून नंतर प्रत्येक घोडा चाकूने कोरून गोलाई द्यावी लागते. मग रंग.

ही युक्ती गरिबीने शिकवली. झायफेन मूळचं कथलाच्या खाणींचं गाव. खाणींचं उत्पन्न आटत गेलं तशी माणसं कातकामाकडे वळली. १८४९ मध्ये इथलं खाणकाम थांबलंच. व्यापाऱ्यांना खेळणी स्वस्त हवी होती, आणि एका कातण्यात पन्नास घोडे निघाले तरच हिशेब जुळत होता. बायबलमधल्या नोहाच्या तारवातले लाकडी प्राणी इथून परदेशी जात. कोरणं, रंगवणं घरोघरी चाले, बायका आणि लहान मुलंही त्याला जुंपलेली असत. या कलेचं कौतुक करताना ती मुलं विसरून चालणार नाही, असं मला ठामपणे वाटतं.

आज कडं कातणारे मोजकेच उरले आहेत. पण लाकडी खेळणी बनवणं हा जर्मनीत रीतसर मान्यता असलेला व्यवसाय आहे, त्याचं शिक्षण झायफेनमध्ये मिळतं आणि तरुण मुलंमुली ते घेतात. कौशल्य काचेच्या कपाटात ठेवून टिकत नाही, ते कुणाच्या तरी रोजच्या हातात असावं लागतं, हे या गावाला उमगलं आहे.

तिकडे जाणं झालंच, तर दुकानात शिरण्याआधी कातारीसमोर थोडा वेळ उभे राहा. आणि खरेदी करताना कड्यातून काढलेला प्राणी आवर्जून मागा. तो खपला, तरच पुढचं कडं लेथवर चढेल.